मणिबेलीचे देणे : जागतिक बँकेच्या अध्यक्षांस खुले पत्र

प्रति,
मा. श्री. अजय बंगा,
अध्यक्ष, जागतिक बँक समूह, वॉशिंग्टन.

विषय : कर्जाचा व्यवहार संपल्यानंतर उरणाऱ्या जबाबदारीबाबत

महोदय,

जागतिक बँकेच्या अध्यक्षांना नर्मदेच्या खोऱ्याविषयी पत्र लिहिले जाण्याची ही पहिली वेळ नाही. १९९२ या एकाच वर्षात तत्कालीन अध्यक्ष लुईस प्रेस्टन यांना अशी दोन पत्रे गेली आणि दोन्हींनी बँकेच्या कारभाराला वळण लावले. पहिले पत्र जूनमधले. सरदार सरोवर प्रकल्पाची पाहणी करण्यासाठी बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीचे अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स आणि उपाध्यक्ष टॉमस बर्जर यांनी आपल्या अहवालाच्या आरंभी ते प्रेस्टन यांना उद्देशून लिहिले होते, आणि बँकेने या प्रकल्पापासून मागे सरावे, असा त्याचा आशय होता. दुसरे पत्र सप्टेंबरमध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’च्या पूर्ण पानावर जाहिरातीच्या रूपाने छापले गेले आणि त्याखाली ३७ देशांतील सुमारे २५० संघटनांच्या सह्या होत्या. दोन्ही पत्रे इंग्रजीत होती, आणि ज्यांची घरे व शेते बुडणार होती त्यांच्यापैकी बहुतेकांना ती वाचता येण्याजोगी नव्हती. प्रस्तुत पत्र मराठीत लिहिले आहे, कारण नर्मदा सुमारे ५४ किलोमीटर महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते, सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्राची ३३ गावे येतात, आणि हे पत्र ज्यांच्या नावाने आहे त्यांचा जन्मही पुण्याजवळच्या खडकीचा आहे.

अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारख्या, रस्ताही न पोहोचलेल्या गावाचा प्रश्न वॉशिंग्टनच्या सभागृहात कसा पोहोचला, याचे उत्तर राज्यशास्त्रात बऱ्यापैकी तपशिलाने दिले गेले आहे. मार्गारेट केक आणि कॅथरिन सिकिंक या अमेरिकी अभ्यासकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ॲक्टिव्हिस्ट्स बियाँड बॉर्डर्स’ या ग्रंथात सीमापार पाठपुरावा करणाऱ्या जाळ्यांची संकल्पना मांडली. एखाद्या प्रश्नाविषयी समान मूल्ये मानणारे, एकमेकांना सतत माहिती पुरवणारे, परंतु कोणा एकाच्या हुकमतीखाली नसलेले निरनिराळ्या देशांतील गट म्हणजे असे जाळे. या जाळ्यांच्या कार्यपद्धतीला त्यांनी बूमरँगची उपमा दिली. स्वतःच्या सरकारचे दार ठोठावूनही ते उघडत नाही तेव्हा लोक देशाबाहेरच्या मित्रांकडे वळतात, ते मित्र आपापल्या सरकारांवर किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांवर दबाव आणतात, आणि तो दबाव फिरून मूळच्या सरकारपाशी येऊन पोहोचतो. उपमा समर्पक आहे. मात्र, फेकणाऱ्याच्या हातात मुळात काय होते, ही गोष्ट तिच्यात काहीशी झाकली जाते. नर्मदेच्या खोऱ्यात लोकांच्या हातात होता तो जमिनीचा हिशेब.

हा हिशेब थोडा जवळून पाहावा लागतो. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ साली दिलेल्या निवाड्यात आपल्या धारणेपैकी २५ टक्क्यांहून अधिक जमीन जाणाऱ्या प्रत्येक खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यावी आणि पुनर्वसन आधी, बुडीत नंतर, असा क्रम ठरवून दिला होता. त्या काळाच्या मानाने ही तरतूद उदार होती, परंतु ती ‘खातेदार’ या एका शब्दावर उभी होती. खातेदार तो, ज्याच्या नावाचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरात आहे. सातपुड्याच्या उतारांवर ज्वारी, मका आणि भगर पिकवणारी, मोहाची फुले आणि चारोळी वेचणारी आणि नदीतल्या मासळीवर पावसाळा काढणारी अनेक कुटुंबे जी जमीन कसत होती ती सरकारी कागदांत वनखात्याची होती. अलीराजपूरकडे अशा जमिनीला नेवाड म्हणतात आणि सरकारी भाषेत तिला अतिक्रमण म्हणतात. म्हणजे ज्या उतारावर आजोबाने झाडोरा काढून पहिला पेरा केला, त्या उतारावर नातू कायद्याने उपराच ठरत होता. त्यात भर अशी की, एकाच खात्यावर चार सज्ञान मुलगे राबत असतील तर पुनर्वसनात त्यांना वेगळे कुटुंब धरायचे की नाही, यावर गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांची मते वेगवेगळी होती.

बँकेने १९८५ साली या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले तेव्हा बँकेची स्वतःची नियमावली राज्यांच्या धोरणांच्या बरीच पुढे होती. सक्तीच्या विस्थापनाविषयीचे १९८० सालचे धोरण सांगत होते की, विस्थापितांचे राहणीमान किमान पूर्वीइतके तरी व्हायला हवे, आणि आदिवासींविषयीचे १९८२ सालचे धोरण वहिवाटीने चालत आलेल्या जमिनीच्या हक्काची दखल घेत होते. शिवाय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार, ज्यात आदिवासी समाज परंपरेने राहत आलेल्या जमिनीवर त्यांची मालकी मान्य केली आहे, भारताने १९५८ सालीच स्वीकारला होता. नियम होते, परंतु ज्यांच्यासाठी ते होते त्यांना त्यांचा पत्ता नव्हता, आणि ज्यांना पत्ता होता त्यांना सातपुडा ठाऊक नव्हता. या दोन टोकांमधली वाट सीमापार जाळ्याने बांधली.

तिचा पहिला टप्पा गुजरातच्या बाजूने बांधला गेला. मांगरोळ येथे आरोग्याचे काम करणाऱ्या ‘आर्च वाहिनी’ या गटाने गुजरातच्या १९ बुडीत गावांतील परिस्थिती ब्रिटनमधील ‘ऑक्सफॅम’ला कळवली, ऑक्सफॅमने ती बँकेपुढे नेली, आणि १९८३ साली बँकेने मानववंशशास्त्रज्ञ थेयर स्कडर यांना पाहणीसाठी पाठवले. ‘सर्व्हायव्हल इंटरनॅशनल’ या संघटनेने श्रम संघटनेकडे तक्रार नेली. या दुहेरी पाठपुराव्यानंतर आणि खोऱ्यातील मोर्चे व न्यायालयीन लढायांनंतर डिसेंबर १९८७ मध्ये गुजरात सरकारने अतिक्रमणधारक, भूमिहीन आणि सज्ञान मुलगे या सर्वांना दोन हेक्टर जमीन देण्याचे धोरण जाहीर केले. भारतातील पुनर्वसनाच्या इतिहासात हा निर्णय मोठा होता आणि आर्च वाहिनीने तो स्वीकारून पुढे पुनर्वसनाच्या कामाला साथ दिली. महाराष्ट्रातील आणि मध्य प्रदेशातील संघटनांनी मात्र ऑगस्ट १९८८ मध्ये धरणालाच संपूर्ण विरोध जाहीर केला, कारण आपापल्या राज्यांत इतकी जमीन मिळणे त्यांना अशक्य दिसत होते आणि प्रकल्पाचे पाणी, खर्च व लाभ यांचे आकडेही त्यांना पटत नव्हते. एकाच जाळ्यातून आलेल्या दोन गटांनी दोन वाटा धरल्या, आणि दोघांच्याही प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बाहेरचे मित्र धागा पुरवतात, वीण मात्र गावच ठरवते, हे या फुटीतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही सिद्धांतातून होत नाही.

दुसरा टप्पा अधिक परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगता येईल. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे ‘नर्मदा बचाओ आंदोलना’च्या मेधा पाटकर, गुजरातमधील वकील गिरीश पटेल आणि पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय परांजपे यांच्या साक्षी झाल्या. त्या घडवून आणण्यात ‘एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड’ या अमेरिकी संघटनेचा मोठा वाटा होता. १९९० च्या वसंतात टोकियोत परिसंवाद झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच जपान सरकारने या प्रकल्पाच्या जनित्रांसाठीचे पुढील कर्ज थांबवले. पर्यावरण आणि पुनर्वसनाच्या कारणावरून एखाद्या सरकारने दिलेला शब्द असा मागे घेणे त्या काळी जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. त्याच वर्षाच्या अखेरीस राजघाटहून निघालेली संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे अडवली गेली, तिथे दीर्घ उपोषण झाले आणि १९९१ साली बँकेने स्वतंत्र पुनर्विलोकनाची घोषणा केली.

मोर्स समितीचे मोल तिच्या निष्कर्षांइतकेच तिच्या रीतीत होते. मोर्स हे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख, तर बर्जर हे कॅनडाचे माजी न्यायाधीश आणि तिथल्या मॅकेन्झी खोऱ्यातील नैसर्गिक वायुवाहिनीच्या चौकशीत आदिवासी वस्त्यांमध्ये जाऊन साक्षी घेतल्याबद्दल ख्याती पावलेले. ही माणसे खोऱ्यात हिंडली, कागदांवरील आकडे गावांशी ताडून पाहिले आणि सरकारी अधिकारी, धरणाचे समर्थक, विरोधक अशा सर्वांचे ऐकले. सध्याच्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही आणि पर्यावरणीय परिणामांचा विचार नीट झालेलाच नाही, असे त्यांनी लिहिले. ज्या फुटपट्टीने त्यांनी प्रकल्प मोजला ती आंदोलनाची नव्हती, बँकेची स्वतःची होती. केक आणि सिकिंक ज्याला उत्तरदायित्वाचे राजकारण म्हणतात, म्हणजे सत्ताधाऱ्याला त्याच्याच लेखी शब्दाशी बांधून धरणे, त्याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. बँकेने तरीही ऑक्टोबर १९९२ मध्ये काही अटी घालून काम सुरू ठेवण्याचा निर्णय घेतला. अमेरिका, जर्मनी, जपान, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधींसह अनेक कार्यकारी संचालक याच्या विरोधात होते. त्या अटींची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, ३० मार्च १९९३ रोजी, भारत सरकारने उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर आपण घेणार नसल्याचे कळवले.

महोदय, यानंतरच्या घटनाक्रमात या पत्राचे प्रयोजन आहे. बँकेच्या निधीचा एक मोठा भाग आंतरराष्ट्रीय विकास संघ या शाखेतून येतो आणि त्यासाठी देणगीदार देशांना दर काही वर्षांनी नव्याने रक्कम मंजूर करावी लागते. १९९३ साली ही वेळ आली तेव्हा नर्मदेच्या अनुभवाने शहाण्या झालेल्या संघटनांनी अमेरिकी काँग्रेसमध्ये पाठपुरावा केला, आणि बार्नी फ्रँक यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने निधीची सांगड बँकेच्या पारदर्शकतेशी घातली. २२ सप्टेंबर १९९३ रोजी बँकेच्या संचालक मंडळाने ‘इन्स्पेक्शन पॅनेल’ स्थापन केले. तीन सदस्यांचे हे तपासणी मंडळ बँकेच्या व्यवस्थापनाहून स्वतंत्र असते. बँकेने स्वतःचे धोरण न पाळल्यामुळे आपले नुकसान झाले किंवा होऊ घातले आहे असे ज्यांना वाटते, त्या प्रकल्पक्षेत्रातील कोणाही दोन किंवा अधिक व्यक्तींना साध्या पत्राने तिथे दाद मागता येते. आपल्या कृतीबद्दल थेट बाधित माणसाला उत्तर देण्याची व्यवस्था त्यापूर्वी कोणत्याही आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थेने केलेली नव्हती. पुढे आशियाई विकास बँकेने आणि खासगी उद्योगांना कर्ज देणाऱ्या आपल्याच समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने अशाच यंत्रणा उभ्या केल्या.

पॅनेलकडे आलेला पहिला अर्ज नेपाळमधील अरुण नदीवरच्या धरणासंबंधी होता आणि १९९५ साली बँकेने तो प्रकल्प सोडला. मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण मात्र मुंबईचे आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी बँकेने २००२ साली कर्ज दिले. लोहमार्गांलगतच्या आणि नव्या जोडरस्त्यांच्या वाटेतील सुमारे एक लाख २० हजार लोकांना त्यापायी हलावे लागणार होते. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या वाटेत कुर्ल्याच्या दुकानदारांची वर्षानुवर्षे चालत आलेली दुकाने आणि कारखाने होते. त्यांची अडचण एका आकड्यात सांगता येते. पूर्वीची जागा कितीही मोठी असली तरी बदल्यात देऊ केलेला गाळा २२५ चौरस फुटांचा होता. त्या गाळ्यात कारखाना बसत नव्हता, आणि नव्या ठिकाणी जुने गिऱ्हाईक येणार नव्हते. २००४ साली दुकानदारांच्या आणि रहिवाशांच्या संघटनांनी पॅनेलकडे अर्ज केले, पॅनेलचे सदस्य मुंबईत येऊन त्या गाळ्यांत आणि वसाहतींत फिरले, डिसेंबर २००५ मध्ये त्यांचा अहवाल आला, आणि १ मार्च २००६ रोजी बँकेने प्रकल्पातील रस्ते व पुनर्वसन या भागांचे कर्जवितरण स्थगित केले. काही महिन्यांनी, सुधारणेची हमी मिळाल्यावर, ते पुन्हा सुरू झाले. सगळ्यांचे सगळे प्रश्न सुटले असे म्हणता येणार नाही, परंतु कुर्ल्याच्या दुकानदाराचे म्हणणे राज्य शासनाला आणि बँकेला ऐकावे लागले. ज्या वाटेने तो तिथवर पोहोचला ती सातपुड्यातील माणसांनी आपली गावे पणाला लावून पाडलेली होती. कुर्ल्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

आणि ज्यांनी ती वाट पाडली त्यांना तिच्यावरून कधीच जाता आले नाही. पॅनेल सप्टेंबरमध्ये स्थापन झाले. बँक मार्चमध्येच प्रकल्पातून बाहेर पडली होती. मधल्या पावसाळ्यात मणिबेलीतील घरांत पाणी शिरले होते. जगातील ३२६ संघटनांनी १९९४ साली मोठ्या धरणांना कर्ज देणे थांबवण्याची मागणी करणारे जे निवेदन काढले त्याला ‘मणिबेली जाहीरनामा’ असे नाव दिले गेले. गावाचे नाव ४४ देशांत पोहोचले, आणि गाव मात्र पाण्यात गेले.

सीमापार जाळ्यांची मर्यादा इथे नेमकी दिसते. या जाळ्याची पकड कर्जाच्या दोरीवर होती, आणि दोरी तुटताच पकड सुटली. त्यानंतर लढा देशातल्या न्यायालयांकडे वळला. १९९५ ते १९९९ काम थांबले, ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती भरुचा यांच्या भिन्न मताची नोंद राहून, दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बांधकामाला परवानगी दिली. पुढे उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचले. बँकेने पाठ फिरवल्यानंतर २६ वर्षांनी. त्या २६ वर्षांत महाराष्ट्रातील विस्थापितांसाठी तळोद्याच्या जंगलातील सुमारे ४२०० हेक्टर जमीन मोकळी केली गेली, सोमावळसारख्या वसाहती वसल्या, चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे आंदोलनाने जीवनशाळा चालवल्या, आणि कोण घोषित विस्थापित, कोण अघोषित, कोणाचा सज्ञान मुलगा यादीतून गळला, याचे वाद तहसील कचेरीत चालत राहिले. या साऱ्याची नोंद ठेवण्याचे कोणतेही बंधन बँकेने स्वतःवर घेतले नाही. बँकेने बाहेर पडणे योग्यच होते, मोर्स समितीचा सल्लाही तोच होता. परंतु उरलेले कर्ज सोडून दिल्याने आधी दिलेल्या २८ कोटी डॉलरच्या करारातील पुनर्वसनाच्या अटी मिटत नाहीत, आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या भिंतीमागचे पाणीही ओसरत नाही.

हा प्रश्न एकट्या नर्मदेचा असता तर ३० वर्षांनंतर तो उकरून काढण्याचे प्रयोजन नव्हते. २००८ साली आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने कच्छमधील मुंद्रा येथील कोळशावरच्या वीजप्रकल्पाला कर्ज दिले, योगायोगाने तेही ४५ कोटी डॉलरचेच. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी २०११ साली महामंडळाच्या तक्रार यंत्रणेकडे दाद मागितली. यंत्रणेने २०१३ साली महामंडळाच्या त्रुटी दाखवून दिल्या, परंतु किनाऱ्यावर पुरेसे काही बदलले नाही. तेव्हा ‘अर्थराइट्स इंटरनॅशनल’ या संघटनेच्या मदतीने मच्छीमार अमेरिकी न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने असा निर्णय दिला की, आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यांपासून संपूर्ण संरक्षण नाही. मात्र, खटला खालच्या न्यायालयात परतल्यावर तिथे ठरले की, आक्षेपार्ह कृती मुख्यतः भारतात घडल्यामुळे महामंडळाला संरक्षण लागू होते, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात पुन्हा लक्ष घालण्यास नकार दिला. मच्छीमारांनी तत्त्व जिंकले, भरपाई गमावली. मणिबेलीचीच गोष्ट पुन्हा एकदा घडली.

या सर्व प्रयत्नांवर भारतात एक आक्षेप सातत्याने घेतला जातो की, परदेशी संघटनांच्या साहाय्याने देशाच्या विकासात अडथळा आणणे हा सार्वभौमत्वाचा अवमान आहे. हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण तो घेणाऱ्यांत कच्छ आणि सौराष्ट्रातील पाण्यासाठी तहानलेली माणसेही होती, आणि त्यांची तहान खोटी नव्हती. तथापि, या प्रकरणातील पहिली सीमापार भागीदारी आंदोलनाची नव्हती, ती सरकार आणि बँक यांची होती. वॉशिंग्टनमध्ये करार करून आलेला पैसा ज्या अर्थी सार्वभौमत्वाला बाधक मानला गेला नाही, त्या अर्थी त्या करारातील अटींची आठवण करून देण्यासाठी वॉशिंग्टनला गेलेला माणूसही बाधक ठरत नाही. शिवाय परदेशी निधी न घेण्याची आंदोलनाची भूमिका जाहीर होती, आणि आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिलेल्या बाबा आमट्यांच्या देशप्रेमाविषयी महाराष्ट्राला कोणी काही शिकवण्याची गरज नाही. जाळ्याने जी मागणी केली ती भारताने स्वतः स्वीकारलेल्या करारांची, भारतीय लवादाच्या निवाड्याची आणि बँकेच्या लेखी धोरणाची होती. परका असा त्यात एकही शब्द नव्हता.

जाळ्यातील विषमतेकडेही डोळेझाक करता येणार नाही. टेलेक्स, विमानाचे तिकीट आणि इंग्रजी ज्याच्याकडे, त्याचा आवाज मोठा, हे नर्मदेच्या काळीही खरे होते आणि आजही आहे. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या स्त्रीचे म्हणणे मराठीत, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून टिपणात उतरते तेव्हा तिने सांगितलेल्या नदीची जागा ‘जलसंपत्ती’ घेते. या गळतीला जाळे जितके जबाबदार आहे त्याहून अधिक बँक जबाबदार आहे, कारण मूळ कागद बँकेचे असतात.

म्हणून, महोदय, मागणी जमिनीवरची आहे. पॅनेलच्या मूळ नियमानुसार कर्ज बंद झाल्यावर किंवा त्याचा जवळजवळ सर्व भाग उचलला गेल्यावर दाद मागता येत नव्हती. २०२० साली ही मुदत कर्ज बंद झाल्यानंतर १५ महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. सुधारणा स्वागतार्ह आहे, परंतु धरणाचे पाणी १५ महिन्यांत चढत नाही. ते सरदार सरोवरात २६ वर्षांनी पूर्ण चढले. ज्या प्रकल्पांचे परिणाम कर्जाच्या आयुष्याहून दीर्घ असतात, त्यांच्याबाबत दाद मागण्याची मुदत बँकेच्या ताळेबंदावरून ठरता कामा नये. शेवटच्या बाधित कुटुंबाचे पुनर्वसन पूर्ण होईपर्यंत दार उघडे राहायला हवे, आणि बँक मध्येच बाहेर पडली किंवा कर्जदार सरकारने उरलेले कर्ज नाकारले तरी आधी वितरित झालेल्या रकमेपुरती ही जबाबदारी कायम राहायला हवी. तसा ठराव संचालक मंडळापुढे मांडणे अध्यक्षांच्या अधिकारात आहे. जिथे पॅनेलला किंवा महामंडळाच्या यंत्रणेला दोष आढळतो तिथे भरपाईसाठी स्वतंत्र निधी असावा, आणि न्यायालयात संरक्षणाची ढाल पुढे करण्यापूर्वी तो निधी खर्ची पडावा. मुंद्र्याच्या मच्छीमारांना त्रुटी मान्य करणारा कागद मिळाला, मासळी मात्र परत मिळाली नाही.

आणखी एक गोष्ट राहते. ती खर्चाने लहान आहे, पण अग्रक्रमाने पहिली. पॅनेलकडे अर्ज स्थानिक भाषेत करता येतो, परंतु ज्या करारावर तो अर्ज उभा राहणार त्या कराराच्या अटी त्या भाषेत सहसा मिळत नाहीत. प्रकल्पाचा करार होण्यापूर्वी त्यातील पुनर्वसनाच्या अटी बाधित गावाच्या बोलीत, लिहिलेल्या आणि वाचून दाखवलेल्या, अशा दोन्ही रूपांत ग्रामसभेपुढे ठेवल्या जाव्यात आणि त्या ठेवल्या गेल्याची नोंद ही कर्जमंजुरीची अट असावी. १९८५ साली मणिबेलीच्या ग्रामस्थांना कोणी पावरीत किंवा भिलोरीत एवढेच सांगितले असते की, बँकेच्या कागदानुसार तुम्ही कसता ती जमीन वहिवाटीने तुमची आहे, तर पुढच्या कितीतरी वर्षांचा प्रवास वॉशिंग्टनहून न होता अक्कलकुव्यातून झाला असता. ही सुरुवात करण्यासाठी नवा प्रकल्प शोधण्याची गरज नाही. १९८५ च्या करारातील पुनर्वसनाच्या अटी बँकेच्या दप्तरात आजही आहेत, आणि सातपुड्याच्या वरच्या उतारांवर तसेच तळोद्याच्या वसाहतींत त्या ऐकण्यासाठी माणसे आजही आहेत. बँकेने त्या अटी त्यांच्या भाषेत त्यांच्यापुढे वाचाव्यात आणि त्यांतील किती पाळल्या गेल्या हे त्यांच्याच तोंडून ऐकावे.

कळावे.

नर्मदेच्या महाराष्ट्रकाठाचा एक अभ्यासक